खोकं वाजत होतं

आप्पांच्या बाराव्याची पंगत उठली, पाहुणे बाहेर ओट्यावर सुपारी कातरत बसले, आणि जे कुणीच बोलत नव्हतं ते अभिजितनं बोलून टाकलं.

"खोकं वाजलं असणार, स्नेहल. आईनं ते ऐकलं असणार. आणि ती उठली नाही."

आई समोरच उष्टी ताटं गोळा करत होती. हातातलं ताट तिनं दुसऱ्या ताटावर ठेवलं, वाट्या वेगळ्या केल्या आणि चळत उचलून मोरीकडं निघून गेली. तिचं हे न बोलणंच अभिजितला पुरावा वाटत होतं. तो कोल्हापुरात वकिली करतो. घरातसुद्धा समोरचा माणूस पिंजऱ्यात उभा असल्यासारखाच बोलायची त्याला खोड आहे.

"दादा, काय बोलतोयस ते तुझं तुला तरी कळतंय का?"

"कळतंय म्हणूनच बोलतोय. ऑफिसचा फोन आला तो तिनं लगेच उचलला. फोन आत स्वयंपाकघरात होता. खोकं तिच्यापासून सहा फुटांवर. फोन ऐकू येतो आणि खोकं ऐकू येत नाही, असं कसं? आणि दिवाळीत ती काय म्हणाली ते तूही ऐकलंस."

स्नेहलनं ऐकलं होतं. आप्पा म्हणजे जमदग्नीचा अवतार. भाजीत मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळायचं. दिवाळीत असंच काहीतरी झालं आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "देवा, एकदाची सुटका कर, ह्यांची न्हाईतर माझी." चव्वेचाळीस वर्षं एका माणसाची बोलणी खाल्लेल्या बाईच्या तोंडून असं जातं. पण त्यानंतर सहा महिन्यांत तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर गेला आणि ते बोलणं सगळ्यांनाच आठवलं.

"तूच तपास," अभिजित चप्पल घालताना म्हणाला. "तुझंच खोकं आहे ते. वाजलं नसेल तर मी आईच्या पायावर डोकं ठेवीन. वाजलं असेल तर ह्या घरात परत पाऊल टाकणार नाही."

आता हे खोकं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. हृदय बंद पडायच्या आधी आठ-दहा, फार तर वीस मिनिटं त्याच्या ठोक्यांमध्ये एक बारीकसा बदल होतो. एक ठोका केसभर लांब, पुढचा केसभर आखूड, परत लांब, परत आखूड. माणसाला काही जाणवत नाही, तो निवांत बोलत-हसत असतो. जुन्या यंत्रांना हा फरक पकडता यायचा नाही. मग छातीवर चिकटवायची एक पट्टी निघाली, टिकलीच्या पाकिटाएवढी, आणि तिला तो पकडता येऊ लागला. तेवढ्या वेळात कुणी माणसाला आडवं केलं, जिभेखाली फवारा मारला आणि मांडीत औषधाचं पेन टोचलं, तर दहातली आठ माणसं वाचतात. हृदयराखण योजनेत अशा पट्ट्या घरोघरी वाटल्या गेल्या.

पट्टी सांगणार कुणाला? पेशंटला सांगून चालत नाही, तो घाबरतो आणि घाबरला की वीस मिनिटांची पाच होतात. म्हणून घरात एक खोकं ठेवायचं. खोकं म्हणजे साधा संगणक, वर एक पडदा, खाली एक स्पीकर. आत लिनक्स, कारण त्या प्रणालीच्या पोटात हात घालून हवं ते बदलता येतं. पट्टीचा निरोप आला की पडद्यावर सूचना यायची आणि घंटी वाजायची, नवीन ईमेल आल्यावर वाजते त्याच वाटेनं. दर अर्ध्या मिनिटाला एकदा. खोक्यातून काहीही वाजलं की घरच्यांनी उठून बघायचं, औषध द्यायचं, हिरवं बटण दाबायचं. दहातल्या चार सूचना खोट्या निघायच्या, म्हणून ॲम्ब्युलन्स आपोआप निघत नसे. वीस मिनिटं कुणीच बटण दाबलं नाही, तर ऑफिसमधून फोन यायचा.

आप्पांच्या वेळी तो फोन आला. "काका बरे आहेत ना?" असं ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, आणि आईनं स्वयंपाकघरातून येऊन खुर्चीकडं बघितलं. तेव्हा कळलं.

इचलकरंजीत अशी तीनशे बारा खोकी होती आणि ती सगळी स्नेहलच्या अंगावर होती. बसवायची तिनं, तपासायची तिनं, बिघडली तर दुरुस्तही तिनंच करायची. अभिजित 'तुझंच खोकं' म्हणाला ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण उरकलं आणि ती आप्पांच्या खोलीत खोक्यासमोर बसली. ही खोली म्हणजे पूर्वीचा कारखाना. इथंच चार माग होते. आप्पा माग चालवायचे, आई सुताच्या कांड्या भरायची आणि गरज पडली तर दोन मागांवर तीही उभी राहायची. स्नेहलला मात्र आप्पांनी कधी आत येऊ दिलं नाही. "तू शीक, हितं कडमडू नको," म्हणायचे. माग विकून सात वर्षं झाली होती, पण फरशीवर त्यांच्या पायांचे खड्डे तसेच होते.

आवाज येत नसेल तर शोधायचं कुठं, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आवाजाची वाट लांबलचक असते. आधी पट्टीचा निरोप यावा लागतो. तो आला होता, चार वाजून अकरा मिनिटांनी. मग सूचना दाखवणारा प्रोग्राम जागा लागतो. कधीकधी कुणीतरी 'त्रास देऊ नका' वर बोट ठेवतं आणि सगळ्या सूचना मुक्या होतात. इथं तसं काही नव्हतं. मग आवाज वाटून देणारी सेवा. ती सूचनांच्या आवाजाची पातळी वेगळी लक्षात ठेवते. एकदा कुणी ती खाली ओढली की गाणी खणखणीत वाजतात आणि सूचना तेवढ्या गप्प. इथं पातळी शंभर होती. मग आवाज स्पीकरऐवजी पडद्याच्या तारेत तर जात नव्हता ना? नव्हता.

राहता राहिलं साउंड कार्ड. हे कार्ड मोठं आळशी. पाच सेकंद काही वाजलं नाही की ते वीज वाचवायला झोपतं, आणि उठवल्यावर पहिला अर्धा सेकंद खाऊन टाकतं. छोटी घंटी तेवढ्यात संपून जाते. खोकं म्हणतं वाजवलं, माणूस म्हणतो वाजलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. स्नेहलनं मनोमन हाच दोष मागितला होता. देवाकडं असलं मागणं कुणी मागत नसेल, पण तिनं मागितलं. पण कार्ड जागं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनंच सगळ्या खोक्यांमध्ये त्याची झोप बंद केली होती.

नोंद स्वच्छ होती. चार अकरा ते चार एकतीस. घंटी चाळीस वेळा.

तिनं त्या चाळीस ओळी परत एकदा मोजल्या.

तरी एक गोष्ट बघायची राहिली होती. खोक्याला कानही होता. घंटी खरंच खोलीत वाजली का, हे पडताळायला ते प्रत्येक घंटीबरोबर तीन सेकंद ऐकायचं, आणि ते तीन सेकंद पंधरा दिवस जपून मग पुसून टाकायचं. आज तेरावा दिवस होता. तीन-तीन सेकंदांचे चाळीस तुकडे आत पडून होते. तिनं कानाला हेडफोन लावला.

पहिल्या तुकड्यात घंटी, बारीक आणि धारदार, कानात सुई जावी तशी. मागं शेंगा फोडल्याचा आवाज. दुसऱ्यात घंटी आणि शेंगा. तिसऱ्यात घंटीच्या पोटातच आईचा आवाज, "...आंबा बरा निघालाय औंदा." आणि आप्पांचा जाड "हं." सहाव्यात आई म्हणत होती, "अभिच्या पोरीला दोन डझन धाडू या." "हं." अकराव्यात आई हसत होती. कशाला हसली ते तीन सेकंदांत बसलं नव्हतं. सतराव्यात, "पंखा वाढवू का ओ?" "हं."

अठराव्यात आई म्हणाली, "ऐकलासा का?" आणि पुढं नुसती घंटी. एकविसाव्यात, "झोपलासा व्हय." त्यानंतर आईचा आवाज एकदम खाली आलेला. झोपलेल्या माणसाला त्रास नको म्हणून ती शेंगासुद्धा हळू फोडत होती. घंटी तेवढ्याच जोरात वाजत होती.

स्नेहलनं हेडफोन काढला. अभिजितला जे वाटत होतं ते खोटं होतं, हे तिला आता शपथेवर सांगता आलं असतं. ज्या बाईला ती घंटी ऐकू येत होती ती बाई तसं आंब्यांबद्दल बोलूच शकली नसती. मग सहा फुटांवरची घंटी हिला ऐकू का आली नाही?

आई दाराशी उजेडात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. स्नेहल जागची हलली नाही. तिनं खोक्यातूनच साधे सूर वाजवायला घेतले. आधी सेकंदाला पाचशे कंपनांचा.

"काय गं?" आईनं मान वळवली.

"काही नाही. तपासतीय. तू निवड."

हजाराचा वाजवला, आईची मान हलली. दोन हजारांचा, आई म्हणाली, "बारीक यायलाय बघ." तीन हजारांचा वाजवला. आईचा हात ताटात फिरत राहिला. चार हजारांचा वाजवला. आवाज पूर्ण वर नेला. फडताळातली स्टीलची वाटी झणझणायला लागली, स्नेहलचे कान दुखले, भिंतीपलीकडून शेजारची सून ओरडली, "काय वाजवालीस गं स्नेहलताई, डोकं उठलं की!"

आईनं तांदळातून एक खडा काढला, बोटानं दाराबाहेर उडवला आणि पुढचा खडा बघायला लागली.

घंटी चार हजारांची होती. आणि ती चार हजारांची का होती, हे सगळ्या इचलकरंजीत फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी खोकी आली तेव्हा त्यांच्यात दुसराच आवाज होता, जाडसर टणटण. जुन्या गल्ल्यांमध्ये अजून माग चालतात. त्या खडखडाटात ती टणटण बुडून जायची. स्नेहल मागवाल्याची पोर, तिला मागांचा आवाज दुसऱ्या कुणी समजवायची गरज नव्हती. ती यंत्र घेऊन गल्लीगल्लीत फिरली, खडखडाट मोजला. खालच्या सुरांत नुसती गर्दी. पण वर, चार हजारांच्या आसपास, मागांचा आवाज विरळ होता. तिनं घंटी नेमकी तिथं नेऊन बसवली. मागांच्या डोक्यावरून आवाज आरपार जायला लागला. मुख्य कार्यालयानं तिची पाठ थोपटली, मंजुरीचा शिक्का मारला आणि कुणी बदलू नये म्हणून आवाजाला कुलूप घातलं.

तिनं मागांचा आवाज मोजला, मागवाल्यांचे कान मोजले नाहीत. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात बारीक केसांच्या रांगा. प्रत्येक रांग आपापला सूर पकडते. बाहेरचा गोंगाट कुठल्याही सुराचा असो, कानाच्या भोकाची लांबीच अशी आहे की सगळ्यात जास्त मार बसतो तो चार हजारांच्या रांगेला. तीस वर्षं मागाशेजारी काढलेल्या माणसाची ती रांग झडून गेलेली असते. बाकीच्या शाबूत. बोलणं समजतं, फोन ऐकू येतो, कुत्रं भुंकलेलं कळतं. म्हणून त्याला आपण बहिरे झालो असं कधी वाटतच नाही. आप्पांचंही तेच झालं असणार, खोकं त्यांच्याच खोलीत असून ते एकदाही दचकले नाहीत. गल्लीत सगळ्यांचं तेच, मग कुणी कुणाला सांगायचं?

म्हणजे मागाचा खडखडाट जिथं पोचत नव्हता अशी एक जागा तिनं शोधून काढली, आणि त्याच जागी हे लोक ठार बहिरे होते. दुसऱ्या गावाकडच्या एखाद्या इंजिनिअरनं ही चूक केली नसती. त्यानं आपली कुठलीतरी ठरीव घंटी लावली असती आणि गप्प बसला असता.

आणि अकरा तक्रारी आल्या होत्या. 'आवाज येत नाही.' अकराही तिनं जाऊन तपासल्या होत्या. ती खोक्याशी उभी राहायची, घंटी वाजली की बोट वर करायची आणि विचारायची, "आलं का?" समोरची बाई मान हलवायची, "आलं, आलं." मग ती लिहायची, दोष आढळला नाही.

ती उठली, आईच्या समोर जाऊन बसली.

"आई, खोकं वाजत होतं."

आईचा हात ताटात थांबला. "किती येळ?"

"वीस मिनिटं."

आईनं निवडलेले तांदूळ एका बाजूला ओढले. "मग अभि बोलला ते खोटं न्हाई."

"खोटंच आहे. तुला तो आवाज ऐकूच येत नाही. आत्ता मी वाजवला. शेजारीण ओरडली एवढ्या जोरात वाजवला. तुला कळलं नाही."

"मी काय भैरी हाय व्हय? तू बोलतीस ते ऐकालीय न्हवं?"

स्नेहलनं तिला समजावून सांगितलं. रांगा, केस, चार हजार, सगळं. आई तिच्या ओठांकडं बघत होती. मागांच्या खडखडाटात बोलणं ओठांवरूनच वाचायचं असतं. ती सवय तिची गेली नव्हती आणि हेही स्नेहलच्या आजच ध्यानात येत होतं.

"मग मी खोकं बसवलं तेव्हा तू 'आलं' का म्हणालीस?"

"तू बोट वर केलंस की. म्हटलं वाजलं असंल. तू एवढी शिकलेली, तुझ्या ऑफिसची माणसं बरोबर आल्याली. त्यांच्यापुढं तुला कुठं खोटं पाडू?"

स्नेहलनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आवाज ठरवला कुणी त्यो?" आईनं विचारलं.

तिनं हे विचारू नये असं स्नेहलला फार वाटत होतं. "मी."

आई उठली. ताट आत नेऊन ठेवलं. आत भांड्यांचा उगाचच आवाज झाला. मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि आल्या आल्या म्हणाली, "अभिला ह्यातलं काय सांगू नको."

"मग काय सांगू?"

"सांग की आईनं ऐकलं आणि उठली न्हाई. मी हाय अजून किती? चार वर्सं. तेवढी तो माझ्यावर रागवून काढंल. तुमी दोघं भाऊभैण, तुमास्नी अजून जन्म काढायचाय. त्याच्या मनात एकदा बसलं की भैणीनं बाप मारला, तर ते निघायचं न्हाई. माझ्याबद्दल बसलंयच की. ऱ्हाऊ दे."

स्नेहलला आईची इतकी भीती कधी वाटली नव्हती. बाई खरंच बोलत होती. आप्पांच्या मरणाचं ओझं ती भाजीच्या पिशवीसारखं आपल्या हातात घ्यायला निघाली होती, लेकीचा हात दुखू नये म्हणून.

"असं काही मी सांगणार नाही," ती म्हणाली. "फार तर असं लिहीन की कार्ड झोपलं होतं. यंत्राचा दोष. नोंद माझ्याच हातात आहे, एक ओळ बदलायची. तू सुटशील, मीही सुटेन, दादा तुझ्या पाया पडेल."

हे तोंडातून गेल्यावर तिला कळलं की ही गोष्ट तिच्या मनात मघापासूनच होती.

"मग तसं लिही की," आई म्हणाली. "कुणाचं काय बिघडतंय?"

"तसं लिहिलं तर ते सगळीकडचं कार्ड दुरुस्त करतील. घंटी तीच राहील. तारूमावशीकडं तीच घंटी आहे."

तारूबाई मागच्या गल्लीत राहते. वीस वर्षं दोघींनी शेजारी बसून कांड्या भरल्या होत्या. तारूबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला नव्हता, पण छातीला पट्टी लावून होता, आणि अकरा तक्रारींमधली एक तिची होती.

"तिचं माणूस तरी बरं हाय," आई पुटपुटली. "कधी वर आवाज केला न्हाई तिच्यावर." मग म्हणाली, "मला ते ऐकीव. त्यात काय काय हाय ते."

"नको आई."

"ऐकीव म्हटलं न्हवं?"

स्नेहलनं तुकडे स्पीकरवर लावले. पहिली घंटी खोलीभर घुमली. आई कान देऊन बसली होती, कपाळाला आठी. दुसरी वाजली. तिसरी.

"ह्यात कुठं वाजालंय गं?" आईनं विचारलं. "माझंच बोलणं ऐकू येतंय मला."

स्नेहलनं तोंड दुसरीकडं फिरवलं. घंटी वाजतच होती, आणि जिच्यासाठी वाजत होती ती बाई आप्पांचा प्रत्येक 'हं' मन लावून ऐकत होती. जाड आवाज, तिला नीट ऐकू येत होता. अठराव्या तुकड्यानंतर ती वाट बघायला लागली. एकोणीस, वीस, एकवीस.

"आता न्हाई येत व्हय?" तिनं विचारलं. "'हं' किती वेळा हाय गं?"

"नऊ वेळा आहे. सतराव्यात शेवटचा."

"म्हंजी किती मिनटं?"

"साडेआठ."

आईनं साडीचा काठ तोंडात धरला. तिचे खांदे हलायला लागले. "साडेआठ मिनटं माणूस माझ्याशी बोलत हुतं," ती म्हणाली, "आणि मी आंब्याचं सांगालीय. एवढं घाण तोंड त्यांचं, आणि त्या दिवशी एक वाकडा शब्द बोलले न्हाईत." स्नेहल जवळ सरकली, पण आईनं हातानंच तिला थांबवलं. लांबच ठेवलं. ते स्नेहलला लागलं, आणि लागायलाच हवं होतं असंही तिला वाटलं.

सगळे चाळीस तुकडे संपल्यावर आई म्हणाली, "लिही. माझं नाव घाल, माझे कान तपासायला न्यायचं असलं तर ने. खाली तुझं नाव घाल."

अभिजित संध्याकाळी आला. स्नेहलनं त्याला समोर बसवून सरळ सांगितलं. आडवळण घेतलं नाही, रडली नाही. त्यानं तुकडे ऐकले. त्याला घंटी ऐकू येत होती. तिसऱ्या तुकड्यालाच त्यानं हात वर करून थांबवायला सांगितलं. मग तो आत गेला आणि त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. आई म्हणाली, "ऊठ, ऊठ. जेवून जा." तो जेवला नाही. बाहेर येऊन चप्पल शोधली.

"तू मुद्दाम नाही केलंस हे मला कळतंय," तो म्हणाला. "पण अकरा जणांनी तुला सांगितलं होतं, स्नेहल. अकरा जणांनी." तो गेला. त्यानंतर आईला त्याचा रोज फोन येत राहिला, स्नेहलला नाही.

अहवाल तिनं त्याच संध्याकाळी पाठवला. नवा आवाज मंजूर व्हायला तीन आठवडे लागतील असं उत्तर आलं, तोवर कुलूप उघडू नये. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. नोकरी जायची तर जाऊ दे. आवाज तिनं पहाटे उठून तयार केला होता. चार हजारांचा नाही, पाचशेच्याही खालचा, ढोलावर थाप पडावी तसा जाड ठोका. आणि मागात बुडू नये म्हणून त्याची लय वेडीवाकडी ठेवली होती, कुठल्याच मागाला जमणार नाही अशी. दोन ठोके, थोडं थांबून एक, मग लगोलग तीन.

तारूबाईच्या दारात शेजारच्या कारखान्याचा खडखडाट चालूच होता. तारूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. नवरा आतल्या खोलीत कॉटवर बसून बशीतून चहा पीत होता. "ये गं," तारूबाई म्हणाली, "आईला एकटं सोडून कशाला आलीस?" आणि उत्तराची वाट न बघता पुढची भाकरी तव्यावर टाकली.

स्नेहल खोक्याशी गेली. कुलूप उघडलं, आवाज बदलला. ह्या वेळी तिनं कुणाला काही विचारलं नाही, कुणाच्या समोरही उभी राहिली नाही. तारूबाई तिला पाठमोरी होती. तिनं ठोका सोडला.

तारूबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. पिठाच्या हातांनी तशीच उठली, उंबऱ्याला अडखळली, आत गेली आणि नवऱ्याच्या हातातली बशी हिसकावून त्याला खांद्याला धरून आडवं पाडलं. चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. "अगं, अगं," तो बिचारा म्हणत होता, "काय झालं काय तुला?" ती एका हातानं त्याला दाबून धरून दुसऱ्या हातानं उशीखाली फवारा शोधत होती.

"मावशी, काही नाही," स्नेहल दारातून म्हणाली. "मी तपासत होते."

तारूबाईला ते ऐकू गेलं नाही, तिची पाठ होती. स्नेहलला आत जाऊन तिचा हात धरावा लागला.

चुलीपासून कॉटपर्यंत तारूबाईला चार पावलं लागली होती. स्नेहलनं ती मोजली. आईच्या पाटापासून आप्पांच्या खुर्चीपर्यंत तर तीनच होती. ती तिथंच खाली बसली, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तारूबाई पिठाच्या हातांनी तिला जवळ घेऊन विचारत राहिली, काय झालं, काय झालं म्हणून. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि यादीत अजून दहा घरं होती.